शेतवस्तीवरील टेहळणी कॅमेरे : निवड, बसवणी व निगा

शेतावर वस्ती करून राहणाऱ्या कुटुंबाचे धन गावठाणातील घराप्रमाणे चार भिंतींच्या आत नसते. विहिरीवरील पंप, त्याची तांब्याची केबल, स्टार्टर, ठिबकच्या नळ्या, गोठ्यातील जनावरे, चाळीतील कांदा, बागेत तोडणीस आलेले डाळिंब हे सर्व उघड्यावर व बहुधा घरापासून हाकेच्या अंतराबाहेर असते. पूर्वी मचाणावर बसून पिकाची राखण करीत, अथवा हंगामापुरता राखण्या ठेवीत. आता राखणीस माणूस मिळणे दुरापास्त झाले आहे आणि मिळाला तरी त्याची मजुरी लहान शेतकऱ्यास परवडत नाही. सन २०१९ च्या अखेरीस कांद्याचे भाव चढले, तेव्हा चाळींतून कांदा चोरीस गेल्याच्या बातम्या नाशिक जिल्ह्यातून आल्या. अशा अनुभवांमुळे शेतकऱ्यांचे लक्ष टेहळणी कॅमेऱ्यांकडे वळले आहे.

तथापि कॅमेरा विकत घेणे आणि राखण होणे या दोन भिन्न गोष्टी होत. चोरी झाल्यावर यंत्र उघडून पाहावे, तो पाठमोरी सावली तेवढी दिसावी, किंवा नेमकी त्या रात्री वीज नसल्यामुळे चित्रणच झालेले नसावे, असे घडते. यात दोष बहुधा यंत्राचा नसतो. जागेचा, तारेचा अथवा विजेचा असतो. यास्तव गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यास दुकानाचा रस्ता दाखविण्यापूर्वी त्याच्या वस्तीची पाहणी करण्यास सांगावे.

पाहणी

कागदावर वस्तीचा साधा नकाशा काढावा. घर, गोठा, चाळ, विहीर, विजेचा खांब आणि बाहेरून येण्याच्या वाटा त्यात दाखवाव्यात. मग तोच फेरा अंधार पडल्यावर पुन्हा घालावा, कारण दिवसा दिसणारी वस्ती आणि रात्रीची वस्ती सारखी नसते. दुरून रस्त्यावरील दिव्याचा झोत कोठे येतो, झाडाची सावली कोठे पडते, हे रात्रीच कळते.

प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारावा : येथे आपणास काय कळावयास हवे? कोणी आले एवढेच, की आलेला मनुष्य कोण? निफाड तालुक्यातील कांदा उत्पादकाची एक वस्ती उदाहरणादाखल घेऊ. घराला लागून गोठा आहे, चाळ ३० मीटरवर आहे, विहीर २५० मीटरवर आहे, आणि शिवाररस्त्यापासून वस्तीपर्यंत एकच गाडीवाट आहे. असा शेतकरी पहिला कॅमेरा चाळीवर रोखतो. परंतु कांदा डोक्यावरून नेला जात नाही. त्यास टेम्पो अथवा ट्रॅक्टर लागतो, आणि वाहन गाडीवाटेनेच येणार. म्हणून या वस्तीवर सर्वांत मोलाचा कॅमेरा गाडीवाटेच्या तोंडाशी बसतो. चाळीवरील कॅमेरा चोरी दाखवील, वाटेवरील कॅमेरा चोर दाखवील. शेळ्यांची गोष्ट निराळी आहे. त्या बांधावरून हाकीत नेता येतात. तेथे कॅमेरा गोठ्याच्या दारावरच हवा.

भिंग आणि अंतर

विक्रेता बहुधा ‘इतक्या मेगापिक्सेलचा’ एवढेच सांगतो. ते अपुरे आहे. चित्र हे बिंदूंचे बनलेले असते. २ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात आडव्या ओळीत १९२० बिंदू असतात. हे बिंदू जितक्या रुंद दृश्यावर पसरतील, तितके चित्र विरळ होते. सन २०१४ च्या आंतरराष्ट्रीय मानकात याचे माप दिले आहे : अनोळखी मनुष्याची ओळख पटविण्यास दृश्याच्या एक मीटर रुंदीत २५० बिंदू लागतात, ओळखीचा मनुष्य ओळखण्यास १२५ पुरतात, आणि कोणीतरी आहे एवढे कळण्यास २५ पुरे होतात.

आता हिशेब करून पाहावा. २.८ मिलिमीटरचे भिंग सुमारे १०० अंशांचा विस्तार टिपते. चार मीटर अंतरावर त्याच्या दृश्याची रुंदी साडेनऊ मीटर होते, म्हणजे एका मीटरमागे २०० बिंदू पडतात. याचा अर्थ असा की, परक्या मनुष्याचा चेहरा या भिंगातून सुमारे तीन मीटरपर्यंतच खात्रीने ओळखता येईल. ६ मिलिमीटरचे भिंग सुमारे ५० अंशांचाच विस्तार टिपते. त्यातून तीच ओळख आठ मीटरपर्यंत, आणि ओळखीचा मनुष्य सोळा मीटरपर्यंत ओळखता येतो. अंगणासाठी रुंद भिंग आणि गाडीवाटेसाठी अरुंद भिंग घ्यावे, ते यामुळे. एकाच कॅमेऱ्यात संपूर्ण शिवार दिसावे ही अपेक्षा धरल्यास शिवार दिसते, मनुष्य दिसत नाही.

वाहनाच्या क्रमांकाविषयी मात्र फार आशा बाळगू नये. रात्री कॅमेऱ्याचे अवरक्त किरण पाटीच्या चकाकणाऱ्या पृष्ठभागावरून परततात व पाटी कोरी पांढरी दिसते. वर समोरचे दिवे दृश्य दिपवून टाकतात. वाहन पाठमोरे जाताना टिपले जाईल असा कोन धरल्यास काही लाभ होतो. त्याकरिता खास कॅमेरे मिळतात, पण ते महाग असतात. सामान्य शेतकऱ्याने वाहनाचा प्रकार, भरलेला माल आणि वेळ एवढे मिळाले तरी समाधान मानावे. तपासास तेही उपयोगी पडते.

कोणती पद्धत घ्यावी

घराच्या आसपासच्या जागेसाठी तारेने जोडलेली पद्धत सर्वांत भरवशाची होय. तिचे दोन प्रकार आहेत. एकात कॅमेरे समाक्ष केबलने डीव्हीआर नावाच्या नोंदयंत्रास जोडतात व प्रत्येकास वीज निराळी द्यावी लागते. दुसऱ्यात संगणकाच्या जाळ्यासाठी वापरतात तशी एकच केबल चित्र आणि वीज दोन्ही वाहते. नोंदयंत्रास एनव्हीआर म्हणतात. दुसरा प्रकार थोडा महाग, परंतु बसविण्यास सुटसुटीत आहे. त्याची मर्यादा १०० मीटरची. वरील वस्तीवर घर, गोठा व चाळ ही तिन्ही या मर्यादेत येतात, विहीर येत नाही. केबल अस्सल तांब्याची आहे याची खात्री करून घ्यावी. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल स्वस्त मिळते, पण तिच्यातून वीज कमी पोहोचते व तिचे सांधे लवकर निकामी होतात.

वायफायचे कॅमेरे बसविण्यास सोपे म्हणून पुष्कळ खपतात. घराच्या ओट्यापुरते ते ठीक होत. शेतात त्यांची एक अडचण सहसा कोणी सांगत नाही. हिरव्या, ओल्या पिकातून वायफायच्या लहरी नीट जात नाहीत. मे महिन्यात मोकळ्या रानावरून चालणारी जोडणी ऑगस्टमध्ये उभ्या मक्याआड किंवा उसाआड गेल्यावर तुटू लागते. पत्र्याची भिंतही हेच करते. वायफाय घ्यावयाचेच असेल तर २.४ गिगाहर्ट्‌झची जोडणी वापरावी. ५ गिगाहर्ट्‌झची पोच कमी असते आणि कित्येक कॅमेऱ्यांना ती चालतही नाही.

विहिरीसारख्या दूरच्या जागेस सिमकार्ड व सौर पॅनेल असलेला कॅमेरा हाच व्यवहार्य मार्ग होय. खरेदीपूर्वी त्या जागी मोबाईल संच नेऊन ज्या कंपनीचे सिमकार्ड घालावयाचे तिची रेंज पाहावी, आणि संध्याकाळीही एकदा पाहावी, कारण त्या वेळी जाळ्यावर गर्दी असते. असा कॅमेरा सतत चित्रण पाठवीत राहिल्यास डेटा भराभर संपतो. सेकंदाला एक मेगाबिट या बेताच्या वेगानेही तासाला सुमारे ४५० मेगाबाइट खर्च होतात. म्हणून हालचाल झाली तरच चित्रण व्हावे आणि ते कॅमेऱ्यातील कार्डावरच साठावे, मोबाईलवर केवळ इशारा यावा, अशी योजना करावी.

विजेची तजवीज

शेतीपंपाच्या वाहिनीवर वीज चोवीस तास नसते हे सांगावयास नको. नोंदयंत्र व राउटर यांना घरगुती जोडणीवरून वीज द्यावी आणि मध्ये इन्व्हर्टर ठेवावा. राउटरला वीज नसेल तर घरच्या कॅमेऱ्यांचा इशारा मोबाईलवर येणार नाही, ही गोष्ट विसरली जाते.

सौर कॅमेऱ्याचा हिशेब शेतकऱ्यास स्वतः करता यावा. पाच वॉटचा कॅमेरा दिवसरात्र चालल्यास १२० वॉट-तास वीज खातो. पावसाळ्यात तीन दिवस आभाळ राहिले तर ३६० वॉट-तास साठा लागेल. शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणजे ७२० वॉट-तासांची, अर्थात १२ व्होल्टची ६० अँपिअर-तासांची बॅटरी हवी. लिथियम-लोह-फॉस्फेटची बॅटरी अधिक उतरविता येते; ती ४० अँपिअर-तासांची पुरेल. पॅनेल ६० वॉटच्या खाली नसावे. बाजारात मुठीएवढ्या पॅनेलसह मिळणारे कॅमेरे चालतात, ते केवळ अधूनमधून जागे होतात म्हणून. सतत चित्रण करण्यास ते समर्थ नाहीत. पॅनेलचे तोंड दक्षिणेस असावे व उतार १८ ते २० अंशांचा ठेवावा.

एक दोष इतका सर्वत्र आढळतो की, त्याचे कारण समजून घेणे इष्ट आहे. कॅमेरा दिवसभर उत्तम चालतो आणि अंधार पडताच बंद पडतो, पुन्हा चालू होतो, पुन्हा बंद पडतो. शेतकरी कॅमेरा बदलून आणतो. नवाही तसेच करतो. होते असे की, रात्री अवरक्त दिवे लागताच कॅमेरा अधिक विद्युत्प्रवाह ओढतो. १२ व्होल्टची वीज बारीक तारेने दूर नेली असेल, तर वाटेतच व्होल्टेज पडते. अर्धा चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेने ५० मीटरवर अर्धा अँपिअर प्रवाह नेला, तर जाऊन-येऊन सुमारे पावणेदोन व्होल्ट तारेतच खर्ची पडतात, आणि कॅमेऱ्याच्या वाट्याला सव्वादहा व्होल्ट येतात. उपाय दोन : तार जाड घ्यावी, अथवा वीजपुरवठ्याचा डबा कॅमेऱ्याच्या जवळ न्यावा.

वळवाच्या पावसात विजा कडाडतात, त्या काळात लांब केबलीतून येणारा विजेचा धक्का नोंदयंत्र जाळतो. लोखंडी खांबास व नोंदयंत्रास चांगले अर्थिंग द्यावे, केबलीच्या तोंडाशी धक्कारोधक बसवावा, आणि उंच एकाकी खांबावर कॅमेरा लावण्याचा मोह टाळावा.

बसवणी

कॅमेरा जितका उंच तितका सुरक्षित, असा समज आहे. पाच मीटर उंचीवरील कॅमेऱ्यास टोपीचा माथा दिसतो, चेहरा दिसत नाही. अडीच ते तीन मीटर उंची योग्य होय. हातास लागेल अशी भीती असल्यास दुसरा कॅमेरा पहिल्यावर नजर ठेवील असा लावावा. तोंड पूर्वेस किंवा पश्चिमेस नसावे, अन्यथा सकाळी वा सायंकाळी दृश्य दिपून जाते. छपराची पन्हाळ, वेल किंवा भिंतीचा कोपरा भिंगाच्या अगदी जवळ असेल, तर रात्री अवरक्त किरण त्यावरून परततात व पुढचे सारे काळे दिसते. खिडकीच्या काचेआडून तर रात्री कॅमेरा चालतच नाही.

कोळी हा या यंत्राचा मोठा शत्रू आहे. भिंगासमोर विणलेले जाळे रात्री पांढऱ्या दोरखंडासारखे दिसते व वाऱ्याने हलताच हालचालीचा इशारा देते. चाळीपाशी वाऱ्याने उडणारे कांद्याचे पापुद्रे हेच करतात. असे दहा खोटे इशारे आले की शेतकरी इशारा बंद करून झोपतो, आणि राखण तेथेच संपते. याकरिता जेथील हालचाल मोजावयाची तेवढाच चौकोन यंत्रात आखून द्यावा. झाडाचा शेंडा, रस्ता व जनावरांची दावण त्यातून वगळावी. बऱ्याच नव्या कॅमेऱ्यांत मनुष्य व वाहन वेगळे ओळखण्याची सोय असते, ती चालू करावी.

बॅटरीवरील कॅमेरे बहुधा अंगाच्या उष्णतेवरून हालचाल जाणतात. त्यांना समोरून सरळ येणारा मनुष्य उशिरा कळतो, आडवा जाणारा चटकन कळतो. म्हणून वाट आडवी दिसेल असे ते बसवावेत. विदर्भात उन्हाळ्यात हवाच अंगाइतकी तापते, तेव्हा या जातीचे कॅमेरे मंदावतात हेही ध्यानी असावे.

केबल उघडी टाकू नये. उंदीर व घुशी ती कुरतडतात आणि नांगराचा फाळ तोडतो. पीव्हीसी किंवा एचडीपीई नळीतून, नांगरटीच्या खोलीपेक्षा खाली ती पुरावी. काही शेतकरी जुन्या ठिबकच्या नळीतून केबल नेतात. भिंतीवरून न्यावयास ही युक्ती वाईट नाही, पण जमिनीत पुरल्यास छिद्रांतून पाणी शिरून नळीत साठते. सांधे उघड्यावर नसावेत, जलरोधक डब्यात असावेत. गोठ्यातील अमोनियाने व दमटपणाने सांधे गंजतात, म्हणून तेथे विशेष काळजी घ्यावी. कॅमेऱ्याचे कवच आयपी-६६ किंवा आयपी-६७ प्रतीचे घ्यावे.

साठवण आणि घड्याळ

सेकंदाला दोन मेगाबिट दराने एक कॅमेरा दिवसाला सुमारे २१.६ गिगाबाइट चित्रण भरतो. चार कॅमेऱ्यांस एक टेराबाइटची डिस्क साडेअकरा दिवस पुरते. त्यानंतर जुने पुसून नवे लिहिले जाते. एच.२६५ ही नवी संकोचन पद्धती वापरल्यास तीच डिस्क जवळपास दुप्पट दिवस पुरते. केबल तोडल्याचे कित्येकदा पाणी देण्याची पाळी आल्यावरच उमगते, तोवर आठ-दहा दिवस लोटलेले असतात. निदान तीन आठवड्यांचा साठा असावा. नोंदयंत्र चोरास दिसेल अशा जागी ठेवू नये; कुलपाच्या कपाटात, हवा खेळेल असे ठेवावे.

यंत्राचे घड्याळ बरोबर असणे अत्यावश्यक आहे. तारीख चुकलेले चित्रण खरे असूनही संशयास जागा देते.

संकेतशब्द

कारखान्यातून आलेला संकेतशब्द पहिल्याच दिवशी बदलावा. सन २०१६ मध्ये ‘मिराई’ नामक घातक संगणक-कार्यक्रमाने न बदललेल्या संकेतशब्दांचे असंख्य कॅमेरे व राउटर जगभर ताब्यात घेतले, आणि त्यांच्या साह्याने त्या वर्षी २१ ऑक्टोबर रोजी अमेरिकेतील मोठमोठी संकेतस्थळे ठप्प पाडली. कॅमेऱ्यांच्या मालकांना याचा पत्ताही नव्हता. बसवणाऱ्या कारागिराने स्वतःच्या मोबाईलवर जोडणी ठेवली असल्यास ती काम संपताच काढवून घ्यावी. यात त्याचा अपमान नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या टेहळणी कॅमेऱ्यांना एप्रिल २०२५ पासून सुरक्षिततेच्या कसोट्या लागू झाल्या आहेत. पक्की पावती व भारतीय मानक ब्यूरोचा नोंदणी क्रमांक पाहूनच खरेदी करावी.

शेजारधर्म, कायदा व पुरावा

कॅमेऱ्याचा रोख शेजाऱ्याच्या अंगणाकडे, न्हाणीकडे अथवा पाणवठ्याकडे नसावा. स्त्रीच्या खाजगी प्रसंगाचे चित्रण करणे हा भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. सामाईक बांधावर कॅमेरा लावण्यापूर्वी शेजाऱ्यास मोबाईलवर दृश्य दाखवावे. बांधाचा जुना तंटा त्यात मिसळणार नाही. मजुरांच्या राहत्या खोल्याही वगळाव्यात.

इशारा आल्यावर एकट्याने अंधारात धावून जाऊ नये. दिवा लावावा, शेजाऱ्यांस हाक द्यावी व ११२ क्रमांकावर पोलिसांस कळवावे. जुन्नरसारख्या बिबट्यांच्या मुलुखात कॅमेऱ्यात जनावर दिसल्यास गोठ्याचे दार आतून बंद असल्याची खात्री करून वनखात्याच्या १९२६ क्रमांकावर सूचना द्यावी. छायाचित्राच्या हौसेने बाहेर पडू नये.

चोरी झाल्यास सर्वांत आधी नोंदयंत्रातील ती वेळ पुसली जाणार नाही अशी व्यवस्था करावी. चित्रण पेनड्राइव्हवर मूळ स्वरूपात उतरवून घ्यावे. मोबाईलने पडद्याचे चित्र काढून समूहावर पाठविल्याने चोर सावध होतो, आणि पुरावा म्हणून त्याचे मोल अल्प असते. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे अशा नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. तपासी अधिकारी मागतील तेव्हा ते द्यावे व नोंदयंत्र जपून ठेवावे. यंत्र पोलिसांनी नेल्यास पंचनाम्याची प्रत घ्यावी.

निगा

महिन्यातून एकदा मऊ फडक्याने भिंग पुसावे व कोळिष्टके काढावीत. बागेत फवारणी झाल्यावर भिंगावर औषधाचा पातळ थर बसतो. तो दिवसा जाणवत नाही, रात्री चित्र धूसर करतो, म्हणून फवारणीच्या दुसऱ्या दिवशीही पुसावे. पॅनेलवरील धूळ सकाळी, ऊन चढण्यापूर्वी धुवावी. पुसून झाल्यावर घरातील एकाने रात्री गाडीवाटेवरून चालत यावे आणि दुसऱ्याने मोबाईलवर त्याचा चेहरा ओळखू येतो काय ते पाहावे. मृगाच्या आधी सर्व सांधे, अर्थिंग व बॅटरी तपासावी. कांदा चाळीत भरल्यावर चाळीचा आकार भरून येतो व पूर्वी दिसणारा कोपरा झाकला जातो. तेव्हा त्या कॅमेऱ्याचा कोन त्याच दिवशी पुन्हा जुळवून घ्यावा.